ग्राहकाची गरज ओळखण्याच्या पद्धती: गोव्यात नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

फोंड्यातला एखादा गृहोद्योग असो की पर्वरीतली एखादी नवी अ‍ॅप कंपनी, ग्राहकाला काय हवे आहे हे जाणून घ्यायचे ठरले की पहिली सूचना बहुधा गूगल फॉर्मची येते. दहा प्रश्न तयार होतात, ओळखीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर दुवा जातो, उत्तरे जमतात आणि त्यांतून एक रंगीत आलेखही निघतो. अडचण अशी की जे पर्याय आपण फॉर्ममध्ये लिहिलेच नव्हते, ते उत्तरांत येऊ शकत नाहीत. ग्राहकाविषयी आपल्याला आधीपासून जे वाटत होते, तेच मोजून परत मिळते. मोजणीला तिची जागा आहे, परंतु काय मोजायचे हे आधी कळावे लागते, आणि ते शोधण्याचे काम गुणात्मक संशोधनाचे आहे. त्यात माणसे थोडी असतात, पण त्यांच्याशी बोलणे सविस्तर होते आणि शक्यतो त्यांच्याच जागी जाऊन होते.

सखोल मुलाखत, निरीक्षण, गटचर्चा आणि रोजनिशी या त्यातल्या मुख्य पद्धती. नवख्या माणसाला त्या एकमेकींना पर्याय वाटतात, आणि मग जी स्वस्त किंवा सोयीची असेल ती उचलली जाते. प्रत्यक्षात प्रत्येक पद्धत ग्राहकाची वेगळी बाजू दाखवते: एकटा असताना तो काय सांगतो, चारचौघांत काय सांगतो, हाताने काय करतो आणि आठवडाभर काय करत राहतो. ही उत्तरे सहसा जुळत नाहीत. माझ्या अनुभवात ती जिथे जुळत नाहीत तिथेच शोधण्यासारखी गरज असते, म्हणून पद्धतींची तुलना करताना मी ‘उत्तम कोणती’ यापेक्षा ‘कोणत्या दोन एकमेकींना तपासतील’ हे आधी पाहतो.

पुढील विवेचनासाठी एकच काल्पनिक उदाहरण घेऊ. एका स्वयंसाहाय्य गटाला ताजा खवलेला नारळ पाकिटांतून पणजी, ताळगाव आणि पर्वरीतील घरांना रोज सकाळी पोहोचवायचा आहे. गोव्यातल्या स्वयंपाकाला नारळ लागतोच, नोकरी करणाऱ्यांना आदोळीवर (नारळ खवण्याच्या विळीवर) बसायला सवड नाही, म्हणून हा धंदा चालेल, असा गटाचा तर्क आहे. तर्क वाजवी दिसतो. तो कितपत खरा आहे हे तपासायचे आहे.

पहिली पायरी: आपण काय गृहीत धरले आहे ते लिहून काढावे

पद्धत निवडण्याआधी एका कागदावर दोन गोष्टी लिहाव्यात. एक, या संशोधनानंतर कोणता निर्णय घ्यायचा आहे. दोन, तो निर्णय कोणत्या गृहीतांवर उभा आहे. आपल्या उदाहरणात गृहीते अशी निघतील: नारळ खवणे हे घरच्यांना ओझे वाटते, ते जवळजवळ रोज होते, काय विकत आणायचे हे स्वयंपाक करणारी व्यक्तीच ठरवते, आणि पाकिटातला नारळ आजचाच आहे यावर लोकांचा विश्वास बसेल. कागदावर उतरल्यावर ही गृहीते एकसारखी नाहीत हे दिसते. ओझे वाटते का, हा अनुभवाचा प्रश्न आहे आणि त्यासाठी मुलाखत लागेल. काम कसे होते हे पाहावे लागेल. किती वेळा होते यासाठी रोजनिशी बरी. विश्वासाचा प्रश्न बाजारात उभे राहिल्याशिवाय नीट कळणार नाही.

‘लोकांना आमचा माल आवडेल का?’ हा प्रश्न मात्र या कागदावर लिहू नये. जी वस्तू अजून हातात नाही तिच्याविषयीचे मत हा केवळ अंदाज असतो. शिवाय आपल्याकडे दारात आलेल्या माणसाचे मन मोडण्याची रीत नाही. ‘बरें आसा, पळोवया’ (चांगले आहे, बघूया) असे हसून सांगणाऱ्या किती जणांनी पुढे काही विकत घेतले, हे कोणत्याही विमा प्रतिनिधीला विचारावे.

दुसरी पायरी: कोणाशी बोलायचे ते ठरवावे

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. एवढ्या लहान राज्यात कोणी ना कोणी ओळखीचा निघतोच, आणि ओळखीचा माणूस संशोधनासाठी अडचणीचा असतो, कारण तो आपल्याला बरे वाटेल असे बोलतो. नातेवाईक, शेजारी, कार्यालयातले सहकारी आणि स्वयंसाहाय्य गटातील बायकांच्या मैत्रिणी यांना वगळावे. ओळखीच्यांच्या ओळखीपर्यंत जाण्यास हरकत नाही, मात्र मुलाखत घेणारी व्यक्ती त्यांना अनोळखी असावी.

निवड करताना लोकसंख्येचे प्रमाण सांभाळण्याची गरज नसते. वागण्यातली विविधता सांभाळावी लागते. नारळाच्या बाबतीत रोज खवणारे घर, घरकामाला येणाऱ्या बाईकडून खवून घेणारे घर, डब्यातल्या नारळाच्या दुधाकडे किंवा सुक्या खोबऱ्याच्या भुकटीकडे वळलेले घर आणि स्वयंपाक जवळपास बंद करून बाहेरून डबा आणणारे घर, अशी निदान चार घरे हवीत. पाचवा प्रकार नवख्याच्या लक्षात येत नाही: पणजीत राहणारी पुष्कळ कुटुंबे गावच्या घरून गोणी भरून नारळ आणतात. त्यांच्या हिशेबात नारळाला किंमतच नसते, त्यामुळे पाकिटाची प्रत्येक किंमत त्यांना महाग वाटणार. असे घर नमुन्यात नसेल तर किमतीविषयीचा निष्कर्ष एकांगी होतो. जे आपले ग्राहक होणार नाहीत असे आपल्याला वाटते, त्यांच्यापैकी दोघे-तिघे तरी यादीत असावेत.

किती जण पुरे? अ‍ॅबी ग्रिफिन आणि जॉन हाउझर यांनी १९९३ मध्ये ‘मार्केटिंग सायन्स’ या नियतकालिकात मांडलेल्या अभ्यासानुसार, एकाच प्रकारच्या ग्राहकांच्या २० ते ३० सखोल मुलाखतींतून त्यांच्या गरजांपैकी ९० टक्के किंवा त्याहून अधिक गरजा पुढे येतात. ग्रेग गेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाना व नायजेरियातील ६० मुलाखती तपासून २००६ मध्ये असे दाखवले की नव्या मुद्द्यांचा ओघ पहिल्या १२ मुलाखतींतच बराचसा आटतो. हे आकडे गट एकजिनसी असेल तेव्हाचे आहेत. आपल्या पाच प्रकारच्या घरांना मिळून १२ मुलाखती पुरतील असे त्यावरून म्हणता येत नाही. लहान उद्योगाने आधी आठ मुलाखती घ्याव्यात, त्या नीट वाचाव्यात, मग ज्या प्रकारच्या घराविषयी अजून नवे ऐकू येत आहे तिथे आणखी जावे. ‘नवे काही निघत नाही’ ही अवस्था येईपर्यंत थांबू नये, आणि ती आल्यावर केवळ आकडा मोठा दिसावा म्हणून पुढे जाऊ नये.

महिन्याचाही विचार करावा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, त्यानंतर श्रावणात अनेक हिंदू घरांत मासे शिजत नाहीत, आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, नारळाचा खप एकदम वाढतो. फक्त श्रावणात मुलाखती घेतल्या तर हुमणासाठी (माशांच्या आमटीसाठी) लागणाऱ्या नारळाविषयी आपण स्मरणावर विसंबून राहू. वर्षभर थांबणे कोणालाच शक्य नसते. निदान अहवालावर महिना लिहावा आणि कोणता काळ पाहायचा राहिला हे सांगावे.

तिसरी पायरी: सखोल मुलाखत

बहुतेक प्रश्नांसाठी सुरुवात मुलाखतीने करावी असे मी सुचवीन. तिला खर्च कमी येतो, आणि एका माणसाची गोष्ट सलग ऐकल्याखेरीज इतर पद्धतींत काय पाहायचे हेही उमगत नाही. वेळ ४५ ते ६० मिनिटांचा धरावा. दुपारी एक ते साडेतीन-चार या वेळात कोणाच्याही दारात जाऊ नये. दुकानेसुद्धा तेव्हा मिटलेली असतात. शक्यतो दोघांनी जावे, एकाने बोलावे आणि दुसऱ्याने टिपावे. घरात आणखी कोण बसले आहे याची नोंद करावी, कारण सासूबाई हॉलमध्ये असताना सून नारळाविषयी जे बोलेल ते त्या नसताना बोलेलच असे नाही.

मुलाखतीचा कणा म्हणजे घडलेली घटना. जॉन फ्लॅनगन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धातील हवाई दलाच्या कामातून विकसित केलेली आणि १९५४ मध्ये मांडलेली निर्णायक घटनांची पद्धत हेच सांगते की सर्वसाधारण मत विचारण्याऐवजी ठरावीक प्रसंग तपशिलात विचारावा. ‘तुम्ही नारळ किती वापरता?’ याला ‘रोज’ असे उत्तर मिळते आणि संभाषण संपते. त्याऐवजी असे विचारावे: ‘ताई, काल दुपारच्या जेवणात काय होते? त्याची तयारी कधीपासून सुरू झाली, ते पहिल्यापासून सांगाल का?’ यावर उत्तर कदाचित येईल, ‘काल नाल्ल फोडूंकच ना. परवांची कवड आसली फ्रिजांत.’ (काल नारळ फोडलाच नाही, परवाची कवड, म्हणजे फोडलेल्या नारळाचा अर्धा भाग, फ्रिजमध्ये होती.) मग विचारता येते की ती कवड कशी ठेवली होती, ती पुरली का, नसती पुरली तर काय केले असते, आणि मागच्या महिन्यात एखादी कवड टाकून द्यावी लागली का. रोज नारळ खवला जातो हे आपले गृहीत इथेच डळमळते, आणि ते डळमळवण्यासाठी आपल्याला त्यावर वाद घालावा लागलेला नसतो.

‘का’ हा शब्द जपून वापरावा. रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात एका दुकानातील प्रयोगाचे वर्णन आहे. ग्राहकांपुढे पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडले होते आणि त्यांतला सर्वांत चांगला निवडायला सांगितले होते. चारही जोड अगदी सारखे होते. तरी उजव्या टोकाच्या जोडाला सर्वांत जास्त पसंती मिळाली, आणि कारण विचारल्यावर वस्तूच्या जागेचा उल्लेख कोणीही आपणहून केला नाही. माणसे खोटे बोलत नव्हती. आपल्या निवडीचे कारण त्यांना आतून दिसत नव्हते, म्हणून त्यांनी पटण्यासारखे कारण दिले. ‘तुम्ही भुकटी का वापरू लागलात?’ असे विचारले की असेच पटण्यासारखे कारण मिळते. ‘पहिल्यांदा भुकटी आणली तो दिवस आठवतो का? त्या दिवशी घरात काय चालले होते?’ असे विचारले की पाहुणे, आजारपण, मिक्सर बिघडणे अशा खऱ्या हकिगती येतात. प्रश्न विचारून झाल्यावर गप्प राहावे. शांतता भरून काढण्याची घाई मुलाखत घेणाऱ्यालाच जास्त असते.

भाषेविषयी एक व्यावहारिक सूचना. आपल्यापैकी अनेकांची प्रश्नांची यादी मराठीत असते, बोलणे कोंकणीत होते आणि अहवाल पुन्हा मराठीत किंवा इंग्रजीत जातो. टिपणे मात्र बोलणाऱ्याच्याच शब्दांत ठेवावीत. ‘सोय’ म्हटले असेल तर ‘सोय’ लिहावे, तिथेच ‘खवलेले खोबरे’ असे करू नये. भाषांतर विश्लेषणानंतर करता येते. आधी केले तर आपला अर्थ त्यांच्या तोंडी जातो.

ध्वनिमुद्रण करायचे असेल तर परवानगी स्पष्टपणे आणि समोरच्याला कळेल अशा भाषेत घ्यावी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा संमतीवर भर देतो: माहिती कशासाठी हवी आहे ते सांगावे, तेवढ्याचसाठी वापरावी, आणि संमती मागे घेण्याची मुभा ठेवावी. या कायद्याने १८ वर्षांखालील व्यक्ती बालक ठरते, म्हणून घरातल्या मुलाला प्रश्न विचारायचे असल्यास पालकांची संमती लागेल. कायदा बाजूला ठेवला तरी, ज्या राज्यात आवाजावरून माणूस ओळखला जाण्याची शक्यता आहे तिथे मुद्रणे कोणालाही पुढे पाठवू नयेत.

चौथी पायरी: काम होत असताना पाहणे

मुलाखतीतून सवयी निसटतात, कारण सवयीचे काम करणाऱ्याला ते दिसतच नाही. यासाठी निरीक्षण. १९९० च्या दशकात कॅरन होल्ट्झब्लाट आणि ह्यू बायर यांनी संगणक प्रणाली रचणाऱ्यांसाठी जी पद्धत रूढ केली, तिच्यात संशोधकाने शिकाऊ उमेदवाराची भूमिका घ्यावी असे सांगितले आहे: ग्राहक गुरू, आपण शिष्य, आणि काम चालू असताना अधूनमधून ‘हे आता असे का केलेत?’ असे विचारायचे. इथे ‘का’ चालतो, कारण कृती दोघांच्याही डोळ्यांपुढे असते.

स्वयंपाकघरात सकाळी साडेनऊला जाऊन बसलेल्या संशोधकाने काय टिपावे? प्रत्येक कृतीचा आरंभ आणि शेवट, वापरलेली साधने, कामात आलेले अडथळे, आणि विशेषतः जुगाड. कवड पाण्यात बुडवून ठेवणे, खवलेले खोबरे लहान डब्यांतून फ्रीजरमध्ये गोठवणे, एकाच वेळी दोन दिवसांचे वाटण करून ठेवणे, या सगळ्या त्या घराने स्वतःच शोधलेल्या अर्ध्यामुर्ध्या उत्तरांच्या खुणा आहेत. नव्या मालासाठी यांच्याइतकी भरवशाची सूचना दुसरी नाही, कारण या युक्तीसाठी माणसाने आधीच वेळ आणि कष्ट खर्चले आहेत.

आपल्या उदाहरणात घड्याळ लावून पाहिले तर असेही निघू शकते की खवण्याला थोडीच मिनिटे लागतात, पण नारळ सोलणे, फोडणे, मसाले भाजणे, वाटणे आणि शेवटी मिक्सरचे भांडे धुणे यांत उरलेला वेळ जातो. तसे निघाले तर गटाने सोडवायला घेतलेला भाग सगळ्या कामातला सर्वांत हलका भाग ठरेल. किंवा असे दिसेल की खवण्याचे काम निवृत्त आजोबा टीव्हीसमोर बसून आवडीने करतात आणि ते काढून घेणे कोणालाच नको आहे. या गोष्टी मुलाखतीत कोणी मुद्दाम लपवत नाही. त्या सांगण्यासारख्या वाटत नाहीत, एवढेच.

बाजारातले निरीक्षण याहून सोपे आणि नवख्यासाठी उत्तम सराव. पणजीच्या मार्केटात किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात नारळवाल्याच्या बाजूला, त्याची परवानगी घेऊन, तासभर उभे राहावे. गिऱ्हाईक नारळ उचलते, कानाशी नेऊन हलवते, आतले पाणी ऐकते, नारळाच्या डोळ्यांजवळ बुरशी आहे का पाहते आणि मगच भाव विचारते. ताजेपणाची ही सगळी परीक्षा पाकीट काढून घेते. पाकिटावर छापलेली तारीख त्या परीक्षेची जागा घेऊ शकेल का, हा चौथ्या गृहीताचा खरा प्रश्न, आणि तो बसल्या जागी सुचला नसता.

निरीक्षणाच्या मर्यादा तितक्याच ठळक आहेत. वेळ खूप जातो, आणि एका सकाळी एकच घर होते. आपण येणार म्हटल्यावर ओटा पुसला जातो आणि त्या दिवशी नेहमीपेक्षा दोन पदार्थ जास्त होतात. म्हणून पहिल्या अर्ध्या तासाच्या नोंदींवर फार भर देऊ नये. काही घरांत सोवळ्याओवळ्यामुळे किंवा केवळ संकोचामुळे परक्याला स्वयंपाकघरात घेत नाहीत. तिथे आग्रह धरू नये. दारात बसून ऐकावे, किंवा घरातल्या कोणी मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रण करून दिले तर तेवढ्यावर समाधान मानावे. आणि पाहिलेले त्याच संध्याकाळी सविस्तर लिहून काढावे, कारण दुसऱ्या दिवशीच्या घरानंतर दोन्ही घरे आठवणीत मिसळतात.

पाचवी पायरी: गटचर्चा घ्यावी का, याचा विचार

गटचर्चेचा मान आपल्याकडे गरजेपेक्षा मोठा आहे. सभागृह, चहा-फराळ, आठ माणसे, मध्ये ध्वनिमुद्रक: काम झाल्यासारखे वाटते. तिची पाळेमुळे १९४१ मध्ये सापडतात, जेव्हा पॉल लाझार्सफेल्ड यांच्या निमंत्रणावरून रॉबर्ट मर्टन न्यूयॉर्कमध्ये रेडिओ कार्यक्रमांवरील श्रोत्यांच्या प्रतिक्रियांच्या अभ्यासात सामील झाले. लोकांना एक ठरावीक कार्यक्रम ऐकवून त्यावर बोलते करणे, हा तिचा मूळ उपयोग होता. आजही ज्याला समोर धरून बोलता येते अशा गोष्टीवर, म्हणजे जाहिरात, नाव, पाकिटाचा नमुना यांवर, ती चांगली चालते.

गरजा शोधण्यासाठी ती तितकी किफायतशीर नाही. वर उल्लेखलेल्या ग्रिफिन-हाउझर अभ्यासात दोन तासांच्या एका गटचर्चेतून साधारण तेवढ्याच गरजा निघाल्या, जेवढ्या एकेक तासाच्या दोन वैयक्तिक मुलाखतींतून. आठ माणसांना एका वेळी एका ठिकाणी जमवण्याचा खटाटोप करून दोन मुलाखतींइतके हाती येणार असेल, तर दोन घरी जाऊन यावे.

तरीही एका प्रश्नासाठी गटचर्चेला पर्याय नाही: चारचौघांत काय मान्य आहे? एकटी असताना डब्यातले नारळाचे दूध वापरत असल्याचे सहज सांगणारी गृहिणी, शेजारणींसमोर ‘आम्ही घरचाच रस काढतो’ असे म्हणाली, तर पाकिटातल्या नारळाला चवीखेरीज प्रतिष्ठेचाही अडसर आहे हे कळते. हा अडसर जाहिरातीच्या मजकुरावर, पाकिटाच्या रूपावर आणि घरपोच देण्याच्या वेळेवरही परिणाम करील. म्हणून या उदाहरणात मी गटचर्चा एकच घेईन, आणि तीही मुलाखती आटोपल्यावर, जेणेकरून दोन्हीकडच्या उत्तरांतला फरक ताडून पाहता येईल. सासवा आणि सुना एका गटात बसवू नयेत. चर्चा सुरू होण्याआधी प्रत्येकीला आपले उत्तर चिठ्ठीवर लिहायला सांगावे, नाहीतर पहिल्या ठाम बोलणारीचे मत सगळ्यांचे होते. हात वर करून मते मोजू नयेत.

उरलेल्या दोन पद्धती

रोजनिशीत सहभागी व्यक्ती सात ते दहा दिवस स्वतः नोंद ठेवते. व्हॉट्सअ‍ॅपवर रोज रात्री एक छायाचित्र आणि दोन प्रश्नांची उत्तरे आवाजात पाठवायला सांगितले की लिहिण्याचा कंटाळा आड येत नाही. किती वेळा, कोणत्या वारी, कोणत्या पाहुण्यांमुळे, हे तपशील यातून मिळतात. सोमवारचे शाकाहारी जेवण आणि रविवारची गर्दी दोन्ही त्यात येतात. चौथ्या-पाचव्या दिवशी माणसे गळतात, म्हणून हव्या त्यापेक्षा दोघे-तिघे जास्त घ्यावेत आणि शेवटी योग्य मानधन द्यावे.

दुसरी पद्धत म्हणजे लोकांनी आपल्याला न विचारताच बोलून ठेवलेले वाचणे: तत्सम वस्तूंवरची ऑनलाइन मते, दुकानदाराकडे आलेल्या तक्रारी, घरपोच सामान देणाऱ्या मुलांचे अनुभव. यात फार रागावलेले आणि फार खूश झालेले लोकच जास्त भेटतात, पण ती फुकट असते, म्हणून खरे तर मुलाखतींच्याही आधी एक-दोन दिवस तिला द्यावेत. किराणा दुकानदाराला नारळाविषयी विचारून पाहावे. त्याला जे ठाऊक असते ते आपल्याला शोधायला आठवडा लागेल.

सहावी पायरी: जमलेल्याचा अर्थ लावणे

नवख्यांचे बहुतेक काम इथे बिघडते. मुलाखती उत्साहाने होतात, आणि मग ज्याला जे वाक्य आवडले ते तो उचलतो. हे टाळण्यासाठी जपानी मानववंशशास्त्रज्ञ जिरो कावाकिता यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ओळखली जाणारी केजे पद्धत वापरावी. प्रत्येक टिपणातून एकेक मुद्दा वेगळ्या कागदी पत्त्यावर उतरवायचा, सगळे पत्ते मोठ्या टेबलावर पसरायचे, जे एकमेकांजवळचे वाटतात ते एकत्र ठेवायचे, आणि गट तयार झाल्यावरच त्यांना नावे द्यायची. शीर्षके आधी ठरवून पत्ते त्यांखाली टाकले तर गूगल फॉर्मचाच दोष पुन्हा येतो.

पत्ते लिहिताना दोन नियम पाळावेत. पहिला, गरज आणि उपाय वेगळे ठेवावेत. ‘खवलेला नारळ मिळाला तर बरे’ हा उपाय झाला. ‘दोघांच्या घरात एक नारळ जास्त होतो आणि उरलेली कवड खराब होते’ ही गरज झाली, आणि तिला पाकिटाखेरीज इतरही उत्तरे असू शकतात. ग्राहकाने उपाय सुचवला तर त्याला तिथल्या तिथे विचारावे की तो मिळाल्यावर नेमकी कोणती अडचण सुटेल. दुसरा, प्रत्येक पत्त्याच्या कोपऱ्यात पद्धतीचे अक्षर लिहावे: मुलाखतीला ‘मु’, निरीक्षणाला ‘नि’, गटचर्चेला ‘ग’, रोजनिशीला ‘रो’. एखाद्या ढिगात सगळीकडे ‘ग’च दिसला, तर ते बहुधा लोकांना बोलायला आवडणारे मत आहे. ‘मु’ आणि ‘नि’ एकमेकांच्या विरुद्ध बोलत असतील तर तो ढीग बाजूला काढून त्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा. ‘खवायला फार वेळ जातो’ असे सात जणींनी सांगितले आणि चार स्वयंपाकघरांत ते काम झटपट उरकलेले दिसले, तर वेळ हा शब्द त्या कोणत्या त्रासासाठी वापरत आहेत हे विचारायला परत जावे. कदाचित हाताला आदोळी लागण्याची भीती असेल, कदाचित सकाळी ओल्या हातांनी आवरण्याचा वैताग.

अहवालात टक्केवारी देऊ नये. तेरा मुलाखतींपैकी आठ जणींनी काही सांगितले म्हणजे पणजीतील ६२ टक्के घरांचे तेच म्हणणे आहे असे होत नाही, आणि टक्केवारी दिसली की वाचणारा ते विसरतो. कोणत्या प्रकारच्या घरांत ही गरज आढळली, कोणत्या प्रकारच्या घरांत आढळली नाही, आणि एखादे घर सगळ्यांच्या उलट का वागते, हे शब्दांत लिहावे. उलट वागणारे घर वगळण्याचा मोह होतो. त्याला अहवालात स्वतंत्र परिच्छेद द्यावा.

वेळ आणि माणसे कमी असतील तर क्रम

दोन माणसे आणि तीन आठवडे एवढेच हाताशी असेल, तर पहिले दोन दिवस तक्रारी, ऑनलाइन मते आणि दुकानदार यांना द्यावेत. त्यानंतर आठ घरी मुलाखत आणि निरीक्षण एकाच भेटीत करावे: सकाळी काम पाहावे आणि ते उरकल्यावर बोलावे, म्हणजे नुकत्याच दिसलेल्या गोष्टींवर प्रश्न विचारता येतात. त्यांतल्याच पाच-सहा घरांना दुसऱ्या आठवड्यात रोजनिशी द्यावी. तिसऱ्या आठवड्यात पत्ते मांडावेत, आणि प्रतिष्ठेचा किंवा लाजेचा मुद्दा पुढे आला असेल तरच एक गटचर्चा ठरवावी. त्यासाठी आधी भेटलेल्या घरांतल्या बायकांना बोलावू नये.

शेवटी पहिल्या पायरीचा कागद पुन्हा काढून प्रत्येक गृहीतापुढे ‘टिकले’, ‘कोसळले’ किंवा ‘तपासायचे राहिले’ असे लिहावे आणि कोणत्या पद्धतीवरून ते ठरवले तेही नोंदवावे. टिकलेल्या गरजांसाठीच आता प्रश्नावली करावी, कारण किती घरांत ती गरज आहे हे वरीलपैकी कोणतीही पद्धत सांगू शकत नाही. खवलेल्या नारळाच्या बाबतीत ‘तपासायचे राहिले’ या रकान्यात सणाचा खप जवळजवळ नक्की असेल. त्यासाठी चवथीच्या आधीच्या आठवड्यात आठांपैकी दोन-तीन घरी पुन्हा जाण्याची परवानगी पहिल्याच भेटीत मागून ठेवावी.